पुढचं बारकं चाक

"सूनबाई, सायकलचं पुढचं चाक वाटेत कुणी खाल्लं काय गं?"

मी कोरेखिंडीचा चढ चढत होते, सायकल हाताने ढकलत. ऊन डोक्यावर आलं नव्हतं, तरी पदर पाठीला चिकटला होता. आवाज ओळखायला वळून बघायची गरज नव्हती. नाना म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे चुलते. सगळ्या तालुक्यात त्यांच्यासारखा बांगडी भरणारा कासार नाही असं लोक म्हणायचे, आणि लोकांपेक्षा जास्त वेळा ते स्वतः म्हणायचे.

"खाल्लं कशाला असेल नाना? मीच तेवढं मागून घेतलंय," मी म्हटलं.

"मागून? अगं, पोराच्या सायकलचं चाक ते! मागं सव्वीस, पुढं वीस. उतरणीला लागलेल्या म्हशीगत दिसतंय." आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसले.

त्यांची सायकल अठ्ठावीस इंची. काळी, उंच, दांडीला पितळी घंटा. मागच्या कॅरियरवर दोन पत्र्याच्या पेट्या दोन अंगांना बांधलेल्या. नाना स्वतः सहा फुटी गडी, डोक्यावर कडक टोपी. त्या सायकलवर बसून ते गावात शिरले की बायका आधी त्यांच्याकडे बघायच्या आणि मग बांगड्यांकडे. खोटं कशाला बोलू, दिसायचे रुबाबदार.

आणि माझी सायकल? ती बघून कुत्रीसुद्धा भुंकायची विसरायची. मागे साधं लेडीज सायकलचं चाक. पुढे गुडघ्याएवढं बारकं चाक, आणि त्या चाकावर एक भली थोरली लाकडी पेटी. पेटी हँडलला लावलेली नव्हती, थेट सायकलच्या सांगाड्याला लोखंडी पट्ट्यांनी जोडलेली होती. हँडल वळलं तरी पेटी जागची हलायची नाही. खाली दोन पायांचं स्टँड. ते पाडलं की सायकल टेबलासारखी उभी राहायची.

ही माझ्या दादांची करणी. दादा म्हणजे माझे वडील. जन्माने कासार, पण बांगड्या सोडून त्यांनी फलटणला सायकलचं दुकान टाकलं. भावकीने बरीच वर्षं नावं ठेवली. मी त्या दुकानात वाढले. माझ्या वयाच्या पोरी भातुकली खेळत होत्या तेव्हा मी रीमच्या तारा ताणत होते, आणि त्याची मला आजपर्यंत लाज वाटलेली नाही.

"पेटीत भरलंयस काय एवढं?" नाना माझ्या बरोबरीने चालायला लागले. तो चढ त्यांनाही उतरूनच चढावा लागायचा.

"बांगड्या."

"त्या दिसतायत. तळाला काय हाय? पुढचं चाक जमिनीत रुततंय."

"मामंजींच्या वेळच्या माळ्यावरच्या. पावणेतीनच्या मापाच्या."

नाना थांबलेच. "पावणेतीन? खुळी का काय तू? अडीचच्या पुढं आपल्या भागात कुणी घालत न्हाय. दादाला, म्हणजे तुझ्या सासऱ्याला, घाऊकवाल्यानं गळ्यात मारला होता तो माल. पंधरा वर्षं उंदरांनी बघितला. तो कशापायी वाहतीस?"

"वजनासाठी. बारकं चाक रिकामं असलं की चळतं. तळाला भार असला की गप गुमान सरळ चालतं."

"मग दगड भर की!"

"दगडाला गिऱ्हाईक मिळत नाही, नाना."

"ह्या मालाला तरी कुठं मिळालंय?" म्हणून ते पुन्हा हसले. मीही हसले. चढ होता, सोबत होती, आणि खरं सांगायचं तर ते काही वाईट माणूस नव्हते. हसता हसता मी सहज विचारलं, "तुम्ही आज इकडं कुठं?"

"तुपेवाडीला. तुप्यांच्या शालनचा चुडा भरायचाय."

माझं हसू जागच्या जागी गोठलं. कारण मीही तिथंच निघाले होते.

"नाना, तुपेवाडी आमची आहे."

"तुझा धनी मुरलीधर पायावर उभा होता तवर तुमची होती. आता तो खाटेवर. गावाला कासार नको व्हय?"

"मी आहे की."

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सायकलकडे. "सूनबाई, राग मानू नकोस. दुकानात बसून बांगड्या विकणं वेगळं आणि फेरीला जाऊन लग्नाचा चुडा भरणं वेगळं. बाई माणूस, ही असली सायकल, हा असला रस्ता. मी तुप्यांना चार दिवसांमागंच सांगून आलोय. तुम्हाला घरात काही कमी पडू देणार न्हाय मी. धान्यधुन्य बघीन."

धान्यधुन्य बघीन! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण वडीलधारं माणूस, करते काय! दातावर दात दाबून सायकल ढकलत राहिले.

फेरीची गावं म्हणजे काय असतं, हे आता कुणाला कळायचं नाही. त्या काळी एकेका कासाराची गावं ठरलेली असत. दुसरा त्यात पाय घालायचा नाही. घराघरातल्या लेकी, सुना, त्यांच्या हातांची मापं, कुणाच्या मनगटावर जुनी जखम आहे, कुणाला काळा रंग चालत नाही, सगळं त्या कासाराला तोंडपाठ. आणि घरात लग्न निघालं की नवरीचा चुडा जो भरेल तो त्या घराचा कासार. तुप्यांचं घर त्या भागातलं मोठं. त्यांच्या उंबऱ्यावर नानांनी घोंगडी टाकली की तुपेवाडी गेली. तुपेवाडी गेली की मागोमाग बाकीची गावं जाणार होती, आणि मग आमच्याकडे उरणार होता एक खाटेवरचा नवरा आणि नानांचं धान्यधुन्य.

खिंडीच्या माथ्यावर नाना सायकलवर बसले. "मी होतो पुढं. तू सावकाश ये, पाणी पी," म्हणाले आणि उतरणीला लागले. अठ्ठावीस इंची चाक ते. उतरणीला लागलं की वाऱ्याशी बोलतं. लहानमोठ्या खड्ड्यांना ते जुमानत नाही, वरच्या वरून निघून जातं. हा त्या चाकाचा गुण, आणि तो मी कधी नाकारलेला नाही.

पण त्याच उतरणीवर आमचे हे पडले होते. सायकल तीच, अठ्ठावीसची. मागे उंचावर पेट्या. एका वळणाला चाक दगडावर चढलं, मागचा भार एका अंगाला गेला आणि माणूस, सायकल, पेट्या, सगळं ओघळीत. मांडीचं हाड मोडलं. लोकांनी उचलायला धाव घेतली तर हे ओरडत होते, "मला राहू द्या, आधी माल बघा!" मालाचा चुरा झाला होता.

त्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात मी फलटणला गेले आणि दादांना म्हटलं, "मला सायकल करून द्या. भार पुढं हवा, डोळ्यांसमोर. आणि जमिनीजवळ हवा."

दादांनी बिडी विझवली. "भार खाली आणायचा तर चाक बारकं लागतं."

"मग बारकं घाला."

"दिसायला वंगाळ दिसंल."

"मला कुठं दाखवायची आहे? चालवायची आहे."

दादांनी नुसतं चाक बदललं नाही. तसं केलं असतं तर सायकल नाक खाली घालून चालली असती. त्यांनी पुढचा चिमटा नवा केला, वरची नळी लांबवली, चार वेळा वेल्डिंग तोडून पुन्हा केलं. बारक्या चाकाच्या तारा आखूड, म्हणून ते काटक. मोठं चाक ज्या भाराखाली वेडंवाकडं होईल तो भार बारकं चाक मुकाट सोसतं. फक्त खड्डा त्याला बाधतो. खड्डा दिसला की उतरायचं आणि चालत जायचं, एवढं ते माणसाला शिकवतं. मी ती उतरण तशीच उतरले, निम्मी चालत, निम्मी बसून, ब्रेकवर हात ठेवून. पेटीतली बांगड्यांची एकही माळ वाजली नाही.

फक्त उशीर झाला.

तुप्यांच्या अंगणात मांडव पडला होता. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. चुडा भरून झाला की शालनला हळद लागायची, असा बेत. मी पोचले तेव्हा ओसरीवर नानांची घोंगडी अंथरलेली, समोर पाटावर नवरी बसलेली, आणि नानांनी तिचा हात हातात घेतलेला.

संपलं! मला तिथंच रडू फुटायचं राहिलं. कारण आमच्यात एक रीत आहे. एका कासाराने नवरीचा हात धरला की तो आपणहून उठेपर्यंत दुसऱ्याने पुढे व्हायचं नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना. रीत मोडली तर त्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

मी अंगणात चिंचेखाली सायकल स्टँडला लावली आणि उभी राहिले. जाऊ तरी कुठे? घरी जाऊन ह्यांना काय सांगणार होते?

शालनची आई, पारूबाई, लगबगीनं बाहेर आली. मला बघून बिचारी खजील झाली. "वैनी, तुमच्याकडंच सांगावा धाडला होता हो. पण नाना म्हणाले, मुरलीभाऊ झोपून हायत, तुम्ही काय येत न्हाय."

"असू दे. आलेय तर चुडा बघून जाईन," मी म्हटलं.

नवऱ्याकडच्या बायकांना मात्र करमणूक झाली. त्यांच्यातली एक आत्याबाई, अंगावर हातभर सोनं, माझ्या सायकलपाशी आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "हे काय गं बाई ध्यान! पुढं वासरू, मागं गाय!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी पदराने पेटीवरची धूळ पुसली.

तेवढ्यात ओसरीवर 'कट' असा बारीक आवाज झाला.

कासाराच्या तोंडी 'फुटली' हा शब्द येत नाही. बांगडी 'वाढते'. नाना हसून म्हणाले, "वाढली एक. चालायचंच." दुसरी घेतली. शालनचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटं जुळवली, साबणाचं पाणी लावलं. बांगडी सांध्यापर्यंत गेली आणि पुन्हा 'कट'.

आता बायका माना उंचावून बघायला लागल्या. मी चार पावलं पुढे झाले. शालनचा हात मला तेव्हा दिसला. उंच, थोराड बांध्याची पोरगी. घरातल्या सगळ्या म्हशींच्या धारा तीच काढायची, हे मला ह्यांनी सांगितलं होतं. मनगट रुंद, अंगठ्याखालचं हाड चांगलंच भरलेलं. अडीचची बांगडी त्या हाडावरून जाणं शक्य नव्हतं. मला लांबून कळलं. नानांना हात धरून कळलं नसेल? कळलं होतं. पण त्यांच्या पेट्यांत अडीचच्या पुढचं माप नव्हतंच. मागच्या कॅरियरवरच्या दोन पेट्यांत मावणार किती? जे खपतं तेवढंच ते बरोबर घेत.

"हात सैल सोड की गं पोरी," नाना म्हणाले. कपाळावर घाम आला होता त्यांच्या.

"सोडलाय की," शालन म्हणाली.

तिसरी बांगडी वाढली ती शालनच्या हातात रुतली. रक्ताचा थेंब पाटावर पडला. पारूबाईने तोंडावर हात ठेवला. आणि आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चुड्यालाच रक्त! बाई बाई, हे लक्षण बरं न्हाय. आमच्या वैनींना आधी सांगायला पाहिजे."

शालनचे वडील, मारुतराव, मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. वैनी म्हणजे वरमाई. तिच्या कानावर हे असं गेलं तर उद्याच्या लग्नाचं काय होईल, ते सगळ्यांनाच कळत होतं.

आणि अशा वेळी नानांची जीभ घसरली. माणूस लाजला की दुसऱ्यावर ढकलतो. म्हणाले, "मी काय करू? हातच रेड्याच्या खुरागत. बाईचा हात हाय का हा? अडीचच्या वरचं माप जगात कुणी घालत न्हाय!"

शालनच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. तिने हात ओढून घेतला आणि पदराखाली लपवला.

माझे मामंजी, म्हणजे सासरे, बांगड्या भरायला शिकवताना मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गिऱ्हाइकाचा हात मोठा हाय, असं म्हणायचं न्हाय. बांगडी लहान हाय म्हणायचं. हात देवानं केलाय, बांगडी भट्टीवाल्यानं." त्याच मामंजींच्या सख्ख्या भावाच्या तोंडून मी हे ऐकत होते. रीत गेली खड्ड्यात, मला राहवेना.

"नाना, ते माप माझ्याकडं आहे."

सगळ्या माना वळल्या. नानाही बघायला लागले. त्यांना आठवलं असणार, कारण त्यांची नजर माझ्यावरून सरळ पेटीच्या तळाकडे गेली.

"पावणेतीन," मी म्हटलं. "हिरव्या. अख्खा चुडा होईल, वर आईलाही होईल."

नाना घसा खाकरून म्हणाले, "आण मग इकडं. मी भरतो."

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं! बांगड्या माझ्या, पण भरणार ते. म्हणजे चुडा त्यांनी भरला, घर त्यांचं, गाव त्यांचं. आणि रीतीने त्यांचं बरोबर होतं, कारण ते उठले नव्हते. मी नाही म्हटलं तर? तर ती पोरगी तशीच बसणार, आत्याबाई तिच्या नावानं गावभर तोंड वाजवणार, आणि ओसरीवरचं रक्त कुणाच्या तरी आयुष्याला चिकटणार. मी हो म्हटलं तर आमची गावं गेली.

मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. शालनने हात पदराखाली दडवला होता ना, ते मला बघवत नव्हतं. मी पेटी उघडली. वरच्या माळा बाजूला केल्या, कडबा उपसला, आणि तळातून पंधरा वर्षं अंधारात पडलेल्या त्या बांगड्यांची माळ बाहेर काढली. पदराने पुसली. उन्हात धरली तर अशी हिरवीगार चमकली म्हणता! ओसरीवर जाऊन मी ती नानांच्या घोंगडीवर ठेवली.

"घ्या," मी म्हटलं. मग शालनकडे वळले. "बाळ, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. बांगडी लहान होती, एवढंच. ही तुझ्या मापाची आहे. ही रडवायची नाही तुला."

नानांनी माळेतून एक बांगडी सोडवली आणि हात पुढे केला. "दे गं हात."

शालनने दिला नाही.

"दे की," पारूबाई काकुळतीने म्हणाली.

शालनने पदर सारखा केला, डोळे पुसले, आणि पाटावरून उठली. उठली ती पायऱ्या उतरून तडक अंगणात. सगळ्या बायका बघतायत, आत्याबाई "अगं अगं, पाटावरनं उठू नये!" म्हणून ओरडतीय, आणि ही पोरगी चिंचेखाली माझ्या सायकलपाशी जाऊन, पुढच्या बारक्या चाकाशेजारी जो दगड होता त्यावर बसली.

"ज्यांनी माझ्यासाठी आणल्यात त्यांनीच भराव्यात," ती म्हणाली. "मी हितंच भरून घेणार. ह्या सायकलला पण हसत होता की सगळ्या."

मी मारुतरावांकडे बघितलं. त्या माणसाचे डोळे भरून आले होते. त्यांनी नुसती मान हलवली. पण माझे पाय काही उचलेनात, कारण रीत होती ना! नाना अजून घोंगडीवर बसलेले होते.

मग नाना उठले. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. त्यांनी माळ उचलली, माझ्या हातात दिली. घोंगडी झटकली, घडी घातली, आणि मला वाटलं, आता हे सायकलला टांग मारून निघणार. ते अंगणात आले आणि शालनच्या समोर, माझ्या सायकलच्या सावलीत, त्यांनी स्वतःच्या हाताने ती घोंगडी अंथरली.

"बस सूनबाई," ते म्हणाले. "खडे टोचत्याल."

मी बसले. कासाराने आपली घोंगडी दुसऱ्याला अंथरून द्यायची, हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

शालनचा हात मी हातात घेतला. कसला सुरेख हात होता तो! उबदार, भरीव. अंगठा दुमडला, साबणाचं पाणी लावलं, आणि बांगडी अशी सरकली जसं तिचं तिथंच घर होतं. एक नाही वाढली. दोन्ही हात मनगटापासून हिरवेगार भरले, आणि शेवटी रीतीप्रमाणे मी त्या चुड्याला हात जोडले. शालनने हात हलवले तर काय नाद उठला! आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या पुढे आल्या, चुडा न्याहाळला, आणि हळूच मला म्हणाल्या, "माझ्यासाठी काही हाय का गं? अडीचच्या मला बी दाटतात."

"आहेत की," मी म्हटलं. "वासरानं तुमच्यासाठीच वाहून आणल्यात."

अशा हसल्या सगळ्या बायका! आत्याबाईसुद्धा हसल्या. मग तर विचारू नका. अडीचच्या दाटतात असं म्हणायला इतकी वर्षं ज्या लाजत होत्या त्या सगळ्या एकेक करून चिंचेखाली येऊन बसल्या. रुंद मनगटाच्या, कष्टाच्या हातांच्या बायका. संध्याकाळपर्यंत माझ्या पेटीचा तळ दिसायला लागला. जाताना पारूबाईने माझी ओटी भरली, आणि तेच हळदीकुंकवाचं बोट पुढच्या बारक्या चाकाला लावलं. मारुतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "आता तुपेवाडीला कासारीण. दुसरं कुणी येऊ नये."

परतताना माझी पंचाईतच झाली. पेटी रिकामी, तळाला भार नाही, आणि चाक चळायला लागलं. शेवटी पारूबाईने दिलेली ज्वारी मी पेटीत तळाला ठेवली. कुणाच्या उपकाराची नव्हती ती ज्वारी, माझ्या हाताची होती. ती घेऊन कोरेखिंडीची चढण मी गाणं म्हणत चढले. घरी पोचले तर हे खाटेवर उठून बसलेले, दाराकडे डोळे लावून. मी सायकल खाटेपाशी आणली, आणि मी काही बोलायच्या आधी हे पेटीत डोकावले. "माल कुठंय?" म्हणाले. मी म्हटलं, "गावात." माणूस एवढा हसला की मांडी दुखायला लागली.

त्या सायकलवर मी पुढे बरीच वर्षं फेरी केली. ह्यांचा पाय बरा झाल्यावर हे दुकानात बसले, गावं माझ्याकडेच राहिली. तुपेवाडीत नवरीचा चुडा चिंचेखाली, सायकलपाशीच भरायचा, असं आपोआप होऊन बसलं. शालनच्या दोन्ही लेकींचे चुडे मीच भरले. दोघींचे हात आईवर गेले होते.

आणि नानांचं सांगायचं राहिलंच.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी माहेरी फलटणला गेले होते. दादांच्या दुकानात बसून चाकाच्या तारा ताणून देत होते, सवयीने. तर समोर एक उंच काळी सायकल येऊन थांबली. पितळी घंटा, कडक टोपी. ज्या माणसाने माझ्या वडिलांना बांगड्या सोडल्या म्हणून भर पंगतीत नावं ठेवली होती, तो माणूस दुकानाच्या पायरीवर उभा होता. दादांनी बिडी विझवली आणि त्यांना बसायला स्टूल दिलं.

नाना बसले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली. रस्त्यावरच्या रहदारीकडे बघत म्हणाले, "ते पुढचं चाक बारकं करून मिळंल का? पेटीसकट?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. गालातल्या गालात हसत होते. उत्तर मीच द्यावं, असं त्यांचं म्हणणं दिसलं.

"मिळेल की नाना," मी म्हटलं. "पण आधीच सांगते, तळाला वजन लागतं."

"ठाऊक हाय," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "दगड भरायचे न्हायत."